चिकट पाण्यातलं बी
टमाट्याचा भाव पडला की वाशीकडं पिकली पाटी सरळ गुरांपुढं रिकामी होते. बियांचा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण बी म्हणजे दुकानातली पुडी, हे आता अंगवळणी पडलंय. खरं तर टमाट्याइतकं सोपं बी दुसऱ्या भाजीचं नसेल. चांगलं लालबुंद फळ पिळायचं, गर पेल्यात झाकून दोन-तीन दिवस ठेवायचा. वर पांढुरकी साय धरते, वासानं घरचे नाक मुरडतात, मुरडू द्यावं. बियांभोवतीचं ते बुळबुळीत आवरण उगवणीला अडवून धरतं, ते आंबल्यावरच सुटतं. मग धुतलं की भरलेलं बी तळाला, पोचट वर. वाळवायचं ताटलीत, सावलीला. कागदावर टाकलंत तर नखानं खरवडत बसाल. एकच मेख आहे. फळ संकरित वाणाचं असलं तर पुढची पिढी आईबापावर जाईलच असं नाही. ते संकरित बी कसं होतं, हे देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमध्ये पाहावं: बाया चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढतात आणि नंतर एकेका फुलाला हातानं पराग लावतात. पुडी महाग का, ते तिथं कळतं. गावरान वाणाला हा खटाटोप नाही, टमाटा आपला आपणच फळतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली ती असली गावरान बियाणी जपल्याबद्दलच. आणि 2001 चा कायदाही शेतकऱ्याला घरचं बी राखायची, पेरायची, शेजाऱ्याला द्यायची मुभा देतो. फक्त त्यावर ब्रँडचं नाव छापून विकायचं नाही.