आधी माहुताचं घर बघा

थायलंडला सहकुटुंब जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये हत्तीबरोबरचा एक तरी फोटो असतोच. पूर्वी तो पाठीवरच्या हौद्यात बसून काढलेला असायचा, आता नदीत उभं राहून हत्तीच्या अंगावर बादलीनं पाणी ओततानाचा असतो. हौदा मागे पडतोय, हे चांगलंच आहे. अलीकडे त्यापुढचा प्रकारही आला आहे. मुलाबाळांना घेऊन आठवडाभर हत्तींच्या गावात राहायचं, चारा कापायचा, शेण उचलायचं, गावकऱ्यांच्या हातचं जेवायचं आणि या सगळ्याचे पैसे आपणच मोजायचे. मी लेकीला घेऊन अशी सुट्टी घालवली आहे, त्यामुळे बरेच जण विचारतात, जावं का? जरूर जावं. पण हत्तीचा फोटो बघून जागा ठरवू नये. त्याच्या माहुताचं घर कसं चालतं, ते आधी विचारावं.

असं म्हणायला कारण आहे. नोव्हेंबर 1988 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये, विशेषतः नाखोन सी थम्मारात प्रांतात, भयंकर पूर आला. बोडक्या झालेल्या डोंगरउतारांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसं गेली. त्यानंतर जानेवारी 1989 मध्ये सरकारनं नैसर्गिक जंगलातल्या व्यावसायिक लाकूडतोडीवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता, पण ओंडके ओढणाऱ्या हत्तींचं आणि त्यांच्या माहुतांचं काम रातोरात गेलं. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. काम थांबलं म्हणून त्याचं पोट थांबत नाही. कर्ज काढून, जमीन विकून हत्ती किती दिवस पोसणार? मग माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर उतरले. येणाऱ्या-जाणाऱ्याला केळी नि ऊस विकायचा आणि तो त्यानं हत्तीला भरवायचा, असा तो धंदा होता. रात्रीच्या रहदारीत हत्तींना गाड्यांच्या धडका बसायच्या, उघड्या गटारांत त्यांचे पाय जायचे. त्या मानानं पर्यटकांचे कॅम्प बरे म्हणायचे, आणि बहुतेक हत्ती पुढे तिथेच गेले.

आज थायलंडमध्ये तीन हजारांहून अधिक पाळीव हत्ती आहेत. कायद्याच्या लेखी ते घोडे, खेचरं, गाई-म्हशींच्या रांगेतले ओझ्याचे प्राणी आहेत. तो कायदा 1939 चा आहे. म्हणजे हत्ती ही कुणाच्या तरी मालकीची वस्तू ठरते. हा मालक म्हणजे दर वेळी गर्भश्रीमंत कॅम्पवाला असतो असंही नाही. उत्तरेत करेन आदिवासींची, ईशान्येला सुरिन प्रांतात कुई लोकांची कितीतरी घरं अशी आहेत की पिढीजात हत्ती हीच त्यांची मोठी मालमत्ता. तो हत्ती कॅम्पला भाड्यानं दिलेला असतो आणि घरातला एखादा मुलगा माहूत म्हणून त्याच्याबरोबर गेलेला असतो.

2020 साली करोनामुळे विमानं थांबली आणि ही व्यवस्था किती तकलादू होती ते उघडं पडलं. भाडं बंद झालं, चाऱ्याला पैसे उरले नाहीत. चियांग माईच्या आसपासच्या कॅम्पांतले शंभराहून जास्त हत्ती माहुतांबरोबर डोंगरवाटा तुडवत माए चेमसारख्या भागातल्या आपापल्या गावी परतले. वाचताना फार गोड वाटतं. पण ते गावी पोचले तेव्हा भोवतालच्या जंगलाची जागा मोठ्या प्रमाणावर मक्यानं घेतलेली होती. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी पिकवला जाणारा हा मका, त्यावर फवारलेली औषधं, आणि हत्ती त्यात शिरला की शेजाऱ्याची भरपाई. घरी आलेला हत्ती सांभाळायचा कसा, याचं उत्तर गावाकडे नव्हतं. पर्यटक परतल्यावर बरेचसे हत्तीही कॅम्पांत परतले.

याच माए चेम भागातल्या एका करेन गावात आम्ही राहिलो. बांबू-लाकडाचं, खांबांवर उभं केलेलं घर, खाली डुकरं नि कोंबड्या, माळ्यावर भाताच्या कणग्या. घरातली आजी कमरेला माग बांधून विणत बसायची. गावात फिरून आल्यावर माझी लेक तासन् तास तिच्याशेजारी बसायची. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण धागा गुंतला की दोघी मिळून सोडवायच्या.

सकाळी माहूतदादांच्या मागून जंगलात जायचं. त्यांच्याकडे कोयता आणि खांद्याला एक विणलेली झोळी, एवढंच. अंकुश नाही. हत्तीण दिसली की बऱ्याच अंतरावर थांबायचं आणि बसायचं. तिला खाऊ द्यायचा नाही, हात लावायचा नाही. मुलांना वही दिली होती. ठराविक वेळानं त्यात ती काय खाते, कुठे उभी आहे, कान हलवते की नाही, ते लिहायचं. पहिल्या दिवशी मुलं कंटाळली. दुसऱ्या दिवशी लेकीनं मला गप्प बसवून दाखवलं, की हत्तीण उपटलेल्या गवताचा जुडगा आधी पुढच्या पायावर आपटते, मुळांची माती झाडते, मगच तोंडात घालते. मग आम्ही तेच बघत राहिलो. माती ओली असली की ती जास्त वेळा आपटायची. मुलाला हे आपणहून दिसणं, हेच मला या सुट्टीचं खरं मोल वाटतं. हत्तीला आंघोळ घालून ते मिळत नाही.

आंघोळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हत्ती स्वतःची आंघोळ स्वतः करतो. दिवसातून चार वेळा, वेगवेगळ्या अनोळखी माणसांसाठी, ठरल्या वेळी पाण्यात उभं राहणं हे त्याच्यासाठी कामच आहे. आणि ते काम निमूटपणे करावं म्हणून त्याला लहानपणी आईपासून तोडून, बांधून, धाक दाखवून वळण लावलेलं असतं. माणसांनाही त्यात धोका आहे. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण थायलंडमधल्या को याओ बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश पर्यटक मुलीचा जीव गेला. हत्तीलाही आहे: माणसाचा क्षयरोग त्याला होऊ शकतो, हे पशुवैद्य कधीपासून सांगत आहेत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर अशा जागेच्या वाटेला जाऊच नये.

हात लावायचा नाही, तर मग सेवा कसली? भरपूर असते. चियांग माईच्या उत्तरेला माए तेंग खोऱ्यात सांगदुएन ‘लेक’ चैलर्ट यांनी उभं केलेलं एलिफंट नेचर पार्क आहे. सोडवून आणलेले शंभरावर हत्ती तिथे राहतात, त्यांत म्हातारे, आंधळे, लंगडे बरेच. आठवडाभरासाठी येणारे स्वयंसेवक तिथे शेण उचलतात, चारा कापून आणतात, भोपळे-कलिंगडं धुतात, दात झिजलेल्या हत्तींसाठी मऊ खाण्याचे गोळे वळतात. ऑक्टोबर 2024 च्या पुरात हे सगळं आवार पाण्याखाली गेलं आणि दोन हत्ती दगावले. तेव्हा गाळ उपसायला माणसंच लागली. पाठ मोडून काढणारी ही कामं आहेत आणि ती हत्तीच्या खरोखर उपयोगी पडतात.

गावातली सेवा याहून नाजूक. दोन दिवस शाळेत जाऊन मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची नि फोटो काढून निघायचं, याचा त्या शाळेला काडीचा उपयोग नाही, उलट गुरुजींचे दोन दिवस जातात. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर तो कार्यक्रम सरळ नाकारावा. कंबोडिया नि नेपाळमध्ये पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आई-वडील असलेली मुलंसुद्धा अशा ठिकाणी ठेवली गेली आहेत. त्यापेक्षा गावात राहा, गावाचं भाडं द्या, आजीनं विणलेलं कापड ती सांगेल त्या किमतीला घ्या. गावानं पाळीपाळीनं घरं ठरवलेली असली, तर पैसा एकाच अंगणात साचत नाही. आमच्या यजमानांनी ते तसं केलं होतं.

साखळीविषयीही एक सांगायला हवं. रात्री पायात साखळी दिसली की आपल्याकडची माणसं हळहळतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण मक्याच्या शेताला लागून असलेल्या जंगलात लांब साखळी हत्तीला शेजाऱ्याच्या रागापासून वाचवते. आपल्याकडे दोडामार्गच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. 2002 पासून कर्नाटकातून उतरलेल्या रानहत्तींनी तिथल्या केळी, माड, सुपारीच्या बागा किती वेळा झोपवल्या, ते तो जाणतो. हत्तीवरची माया शेतकऱ्याच्या नुकसानीवर उभी करता येत नाही, थायलंडमध्येही नाही आणि दोडामार्गातही नाही.

आपल्या गडचिरोलीत, कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकमेव. 2022 मध्ये तिथले हत्ती गुजरातला हलवण्याचा बेत होता, त्याला गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. हे हत्ती आमचे आहेत, असं गाव म्हणत होतं. परदेशवारी परवडत नसेल त्यांनी आधी कमलापूरला जावं. मुलांना हत्ती दाखवावेत, आणि माहुतांशी, चारा कापून आणणाऱ्या चाराकटरांशी बोलायलाही लावावं. त्यांचा दिवस किती वाजता सुरू होतो, हत्ती आजारी पडला तर डॉक्टर कुठून येतो, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं.

दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू होतील. हत्तींच्या अशा सहलीचं पत्रक हातात आलं, की पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा: हत्ती कुणाच्या मालकीचा आहे, पाहुणे नसलेल्या महिन्यात त्याचा चारा कोण भरतं, आणि माहुताला महिन्याचा पगार मिळतो की नुसती बक्षिसी? ज्यांच्याकडे याची सरळ उत्तरं असतील, त्यांच्याकडेच मुलांना घेऊन जा.