सांडपाण्यावर प्रक्रिया करा : ग्रामस्थांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत
प्रत : मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती

महोदय,

जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ आले. माणशी रोज ५५ लिटर हे त्याचे प्रमाण. आपल्यासारख्या तीन हजार वस्तीच्या गावात ते रोजचे १ लाख ६५ हजार लिटर होते आणि त्यातले बहुतेक मोरी-न्हाणीतून बाहेर पडते. पाणी आणण्याची योजना झाली. वापरलेले पाणी कुठे न्यायचे हे मात्र कुणी ठरवलेच नाही.

ते उताराने जाते. वरच्या आळीचे गटार खालच्या वस्तीत येऊन संपते. अंगणवाडीच्या कुंपणाला लागून काळे पाणी बारा महिने तुंबलेले असते, त्यावर साबणाचा तवंग आणि डासांच्या अळ्या. पावसाळ्यात हेच पाणी ओढ्यात उतरते, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याकाठीच आहे. ज्यांच्या दारात घाण साचते त्यांनी ती केलेली नाही, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. म्हणून नवे गटार बांधण्याचे प्रस्ताव आधी थांबवा. गटार घाण पुढे ढकलते, पाणी शुद्ध करत नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. ज्या घराला परसू आहे तिथे शोषखड्डा द्यावा. चार फुटांचा खड्डा, मधोमध छिद्रांची सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. नांदेड जिल्ह्यात रोजगार हमीतून असे खड्डे करून गावांनी डास आटोक्यात आणले आहेत. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही आणि विहिरीजवळ ते मुरवणे धोक्याचे. त्यामुळे आधी जमीन तपासावी, सरसकट उद्दिष्ट नको.

२. उरलेले पाणी गावाखालच्या गायरानात, वस्ती व विहिरीपासून दूर, स्थिरीकरण तळ्यात किंवा कर्दळीच्या गाळण वाफ्यात घ्यावे. विजेवरचे यंत्र नको. वीजबिल थकले की ते बंद पडेल.

३. शौचालयाच्या टाक्यांचे पाणी गटारात सोडणे बंद करावे. टाकी यंत्रानेच उपसावी. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. वाई व सिन्नर नगरपालिकांनी टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसण्याची पद्धत बसवली. तालुक्यातील गावांनी मिळून तशी सोय करावी.

निधी नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे, म्हणजे आपल्यासाठी ८ लाख ४० हजार. त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या अनुदानातून ग्रामपंचायतीने घालायचा आहे. या रकमेत शहरासारखा प्रकल्प होणार नाही, वरची साधी कामे होतील. गाळ काढायला माणूस आणि त्याची मजुरी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावी. अशा कामांचे उद्घाटन होते, देखभाल होत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्याआधीच्या महिला सभेत खालच्या वस्तीतील महिलांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, आणि तळ्याची जागा त्यांच्या संमतीशिवाय ठरवू नये.

आपले,
ग्रामस्थ संघाचे सभासद