फुप्फुसातील वणवा आणि हातातील गोळी

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूसाठी देशाने जी वणवण अनुभवली, तिची आठवण अजून पुसली गेलेली नाही. १९ एप्रिल रोजी रिकामे टँकर घेऊन कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसच्या बातमीकडे कितीतरी कुटुंबे डोळे लावून बसली होती. त्याच दिवसांत घरोघरी आणखी एक दृश्य होते. देवघराशेजारच्या फडताळात, जेवणाच्या टेबलावर, कार्यालयाच्या खणात, जिकडे पाहावे तिकडे ‘क’ जीवनसत्त्वाच्या आणि झिंकच्या गोळ्यांची पाकिटे. डॉक्टरांनी सांगितली म्हणून काहींनी घेतली, शेजाऱ्याने सांगितली म्हणून बहुतेकांनी. एकीकडे प्राणवायू मिळावा म्हणून धडपड आणि दुसरीकडे त्याच प्राणवायूचा शरीरांतर्गत उपद्रव शमवण्यासाठी म्हणून गोळी, हा विरोधाभास त्या धामधुमीत कोणाच्या ध्यानी आला नाही. तो ध्यानी येणे मात्र अगत्याचे आहे, कारण श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात रुग्ण का दगावतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्यात दडलेला आहे.

शरीरातील प्रत्येक पेशी प्राणवायूवर जगते. या व्यवहारात प्राणवायूचे काही रेणू एखादा जादा इलेक्ट्रॉन घेऊन बसतात आणि अत्यंत आक्रमक बनतात. सुपरऑक्साइड, त्यापासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्याहून जहाल असा हायड्रॉक्सिल कण ही त्यांची नावे. हे कण समोर येईल त्या स्निग्ध पटलाला, प्रथिनाला, जनुकीय द्रव्याला डसतात. त्यांना आवरण्यासाठी निसर्गाने पेशीत पहारेकरीही नेमले आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी उलगडले. त्याच्या जोडीला कॅटलेज, ग्लुटाथायोन आणि आहारातून येणारी ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे असतात. हल्लेखोर वाढले आणि पहारेकरी कमी पडले की जी अवस्था निर्माण होते, तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मधुमेह, वार्धक्य, धूम्रपान आणि प्रदूषित हवा यांमुळे अनेकांच्या शरीरात हा तोल आजार येण्याआधीच ढळलेला असतो. एन्फ्लुएंझा वा कोविडचा विषाणू येतो तो अशा सुकलेल्या रानात.

आग विषाणू एकटा लावत नाही. त्याला मारण्यासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी हेच कण शस्त्र म्हणून मुद्दाम निर्माण करतात. शत्रू वायुकोशाच्या नाजूक भिंतीवर बसलेला असतो, तेव्हा त्याच्यावर फेकलेल्या निखाऱ्याने भिंतही जळते. जपानमधील कुमामोतो विद्यापीठात ओडा, मायेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. एन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात सुपरऑक्साइडचे प्रमाण वाढलेले आढळले. रक्तात अधिक काळ टिकेल अशा रूपात डिसम्युटेज टोचले असता मरणाऱ्या उंदरांपैकी बरेच वाचले. औषध विषाणूला मारणारे नव्हते, तरी रोगी वाचला! पुढे २००८ मध्ये ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सार्स आणि बर्ड फ्लूच्या संसर्गात फुप्फुसातील स्निग्ध द्रव्ये अशीच जळून बदललेली दिसली, आणि ही बदललेली द्रव्येच दाहाला नवे निमंत्रण देतात असेही आढळले. आगीतून आग, असा हा प्रकार. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांमध्ये ग्लुटाथायोनची तीव्र कमतरता असल्याची नोंद ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी केली आहे.

इथवरचे वाचून कोणीही म्हणेल, मग गोळी घेण्यात चुकले कुठे? तर्क सरळ दिसतो. पण वैद्यकशास्त्रात सरळ दिसणारा तर्क अनेकदा पडला आहे, आणि याबाबतीत तो चांगलाच तोंडघशी पडला. १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर ‘क’ जीवनसत्त्वाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. दोन नोबेल पारितोषिकांचा मानकरी सांगतो म्हटल्यावर जगाने ते शिरोधार्य मानले. २०१३ मध्ये सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला तेव्हा निष्पन्न काय झाले? नियमित सेवनाने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. तिचा कालावधी प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यातील अर्धा-एक दिवस. मॅरेथॉन धावपटू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा अतिश्रम करणाऱ्यांना मात्र खरा लाभ दिसला. २०२१ मध्ये अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांवर ‘क’ जीवनसत्त्व आणि झिंकची चाचणी झाली. लक्षणांचा काळ घटला नाही. २०२२ मध्ये अतिदक्षता विभागातील सेप्सिसच्या ८७२ रुग्णांवरील चाचणीत तर शिरेवाटे ‘क’ जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण एक तर दगावले किंवा त्यांचे अवयव निकामीच राहिले. ते न दिलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. निरुपद्रवी म्हणून घेतलेली गोष्ट मोठ्या मात्रेत प्रत्येक वेळी निरुपद्रवीच असते, असे नाही.

याचे कारण शस्त्राच्या स्वरूपातच आहे. हे आक्रमक कण केवळ खलनायक नव्हेत. काही बालके जन्मतःच असा दोष घेऊन येतात की, त्यांच्या पांढऱ्या पेशींना सुपरऑक्साइड बनवताच येत नाही. ती निरोगी राहत नाहीत, उलट जिवाणू आणि बुरशीच्या संसर्गाने पुनःपुन्हा जर्जर होतात. म्हणजे आग हवी, पण चुलीत हवी. ती केव्हा विझवायची हा प्रश्न वेळेचा आणि मात्रेचा आहे. स्टेरॉइडच्या बाबतीत जगाने हाच धडा घेतला. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले, पण ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना काहीच लाभ झाला नाही. तरीही दुसऱ्या लाटेत आपल्याकडे साध्या तापावर स्टेरॉइड दिले गेले. त्याची किंमत काय पडली, हे म्युकरमायकोसिसने डोळा वा जबडा गमावलेल्या मधुमेही रुग्णांना विचारावे.

या विषयाला आपल्या परंपरेचाही एक कंगोरा आहे, आणि तेथे दोन टोकांची मंडळी भेटतात. हळद, आवळा, तुळस यांत अँटिऑक्सिडंट आहेत, तेव्हा विषय संपला, असे एका टोकाचे म्हणणे. आयुष काढा म्हणजे थोतांड, असे दुसऱ्या टोकाचे. दोघांनाही तपासण्याचे कष्ट नकोत. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट ठरलेला पदार्थ रक्तात पोहोचतो का, हा पहिला प्रश्न असतो. हळदीतील कर्क्युमिन फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पिपेरिन सोबत दिल्यास माणसात ते शोषण वीसपट होते, हे १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले. आजीच्या काढ्यात मिरी का पडत असे, याचे एक संभाव्य उत्तर त्यात आहे. पण ते रुग्ण बरा होतो याचा पुरावा नव्हे. तो पुरावा रुग्णांवरील चाचणीतूनच मिळतो. १९९७ मध्ये हळदीचे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने रद्द करवून घेतले, ते घोषणा देऊन नव्हे, छापील पुरावे समोर ठेवून. तीच शिस्त औषधाच्या बाबतीत का नको?

आशा ठेवण्याजोगे धागे आहेत. इटलीतील जिनोव्हा येथील संशोधकांनी १९९७ मध्ये बहुतांश वयस्क अशा २६२ जणांवर एन-ॲसिटिलसिस्टीन या, ग्लुटाथायोन वाढवणाऱ्या जुन्या आणि स्वस्त औषधाची सहा महिने चाचणी घेतली. एन्फ्लुएंझाचा संसर्ग दोन्ही गटांत सारखाच झाला. पण संसर्ग झालेल्यांपैकी लक्षणांनिशी आजारी पडले ते औषध घेणाऱ्यांत २५ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७९ टक्के. कोविड गंभीर झाल्यावर मात्र ब्राझीलमध्ये याच औषधाचा मोठा डोस देऊनही उपयोग झाला नाही. आग लागण्याआधी तोल सांभाळणे आणि लागल्यावर पाणी मारणे यांत अंतर आहे, असे यावरून दिसते. सेलेनियमची गोष्ट तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. या खनिजाचा अभाव असलेल्या उंदरांत एन्फ्लुएंझाचा सौम्य विषाणू जनुकीय बदल होऊन जहाल बनला, असे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांना २००१ मध्ये आढळले. कुपोषण एका व्यक्तीपुरते राहत नाही, ते विषाणूलाही धार लावू शकते, असा याचा अर्थ.

चरकाचार्यांच्या संहितेत जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साऱ्या जनपदाला ग्रासणाऱ्या रोगाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात बिघाडाच्या चार कारणांत पहिला मान वायूला दिला आहे. आज त्या वायूची दशा काय? २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात नेमका हाच ताण वर्षानुवर्षे निर्माण करत असतात. ओल्या सरपणाच्या चुलीशी जन्म काढलेल्या स्त्रीला पाच रुपयांची गोळी काय संरक्षण देणार? मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचवली. हे काम मोठेच आहे. पण दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटत असेल, तर संरक्षण अर्ध्यावरच थांबते. सिलिंडरच्या अनुदानाकडे केवळ आर्थिक बोजा म्हणून पाहणाऱ्यांनी श्वसनविकारांवरचा खर्चही त्याच वहीत लिहावा.

महाराष्ट्रात एन्फ्लुएंझाचा जोर दरवर्षी पावसाळ्यात वाढतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशात पहिला बळी घेतला तो पुण्यातच, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच आहे. रुग्णालये आहेत, आयुर्वेद महाविद्यालये आहेत, ग्लुटाथायोन मोजू शकणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. जिनोव्हाच्या त्या २६२ जणांऐवजी साठी ओलांडलेल्या काही हजार मधुमेही नागरिकांवर, एका गटाला एन-ॲसिटिलसिस्टीन, दुसऱ्याला प्रमाणित काढा आणि तिसऱ्याला नुसती साखरेची गोळी देऊन जून ते सप्टेंबर अशी चाचणी घेण्यास अब्जावधी रुपये लागत नाहीत. निष्कर्ष काढ्याच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो जसाच्या तसा छापण्याची तयारी मात्र आधीपासून असावी लागेल.