वांचलेलें आयुष्य

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकूं येते. शाळेंतील भाषणांत, शोकसभेंत, नापास झालेल्या मुलाची समजूत घालतांना, आपण ती सहज उच्चारतों. तिच्यांत सत्याचा अंश आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु ती म्हण अर्ध्यावर थांबते. आणि अर्धें सत्य दुःखी माणसाच्या कानीं पडलें, म्हणजे तें सांत्वन न देतां डागणी देतें. पाथरवटाच्या आवारांत जाऊन पाहावें. टाकीखालीं मूर्ति घडतात, तसे पुष्कळ दगड फुटतात व त्यांची खडी होते. घाव दोहोंवर पडलेले असतात. मग एकाचें दैवत व्हावें आणि दुसऱ्याची खडी व्हावी, हा फरक कशानें पडतो, याचा विचार आपण केला पाहिजे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. २०२० व २०२१ सालच्या महामारीनें पुष्कळ घरांतील कर्तीं माणसें नेलीं. त्या घरांतील मुलें आज शाळाशाळांतून आपल्या मुलांच्या शेजारीं बसतात. "तुला बळकट करण्यासाठींच देवानें हें दुःख पाठविलें," असें अशा मुलास कोणी सांगितलें, तर तें मनांत विचारील, माझ्या बळासाठीं माझ्या बापाचा बळी कशाला? जन्मांध मनुष्याकडे पाहून शिष्यांनीं प्रभु येशूस विचारलें, कीं हें कोणाच्या पापाचें फळ. तेव्हां प्रभूनें त्यांचा तो हिशेब मान्य केला नाहीं. त्यानें त्या मनुष्यासाठीं करावयाचें काम हातीं घेतलें. आपणांसहि तोच मार्ग आहे.

दुसऱ्या महायुद्धांतील एका वैमानिकाचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे. लिओनार्ड चेशायर यांचा जन्म इंग्लंडमध्यें १९१७ सालीं झाला. ऑक्सफर्ड येथें कायद्याचा अभ्यास करून ते हवाई दलांत शिरले आणि बाँबफेकी विमानें घेऊन त्यांनीं शत्रूच्या मुलखावर १०० स्वाऱ्या केल्या. त्यांचे अनेक सोबती परत आले नाहींत. ते मात्र वांचले. १९४४ सालीं त्यांस 'व्हिक्टोरिया क्रॉस' हें ब्रिटनचें शौर्याचें सर्वोच्च पदक मिळालें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हां ब्रिटिश निरीक्षक म्हणून ते दूरच्या एका विमानांत होते. पुढें थोड्याच महिन्यांत, खालावलेल्या प्रकृतीमुळें, त्यांनीं हवाई दल सोडलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें.

नागासाकीच्या त्या दर्शनानें त्यांचें हृदय एका क्षणांत पालटलें, असें कित्येक जण सांगतात. गोष्ट म्हणून ती आकर्षक आहे, पण वस्तुस्थिति इतकी सोपी नव्हती. बाँबमुळें युद्ध संपलें व पुढील प्राणहानि टळली, हें मत त्यांनीं पुढेंहि सोडलें नाहीं. युद्धानें त्यांच्यापुढें एक प्रश्न मात्र उभा केला: इतके मेले आणि मी उरलों, तो कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं आधीं मोठ्या प्रमाणावर शोधलें. युद्धांतून परतलेल्या लोकांनीं व त्यांच्या कुटुंबांनीं एकत्र राहावें, एकत्र श्रमावें, अशी एक वसाहत त्यांनीं काढली. कल्पना उदात्त होती. परंतु माणसांचें आपसांत जमेना, कर्ज वाढलें आणि तो प्रयोग मोडला. हॅम्पशायर परगण्यांतील 'ल कोर्ट' नांवाचा एक मोठा रिकामा वाडा आणि सावकारांचे तगादे, एवढेंच हातीं राहिलें.

१९४८ सालीं त्यांस निरोप आला, कीं वसाहतींत पूर्वीं डुकरें राखण्याचें काम करणारा एक गडी कर्करोगानें मरणोन्मुख झाला आहे आणि रुग्णालयास त्याची जागा हवी आहे. चेशायर यांनीं त्याच्यासाठीं दुसरीकडे सोय शोधली, ती मिळेना. तेव्हां त्यांनीं त्यास आपल्याच वाड्यांत आणलें. शुश्रूषेचें शिक्षण त्यांनीं कधीं घेतलें नव्हतें. नोकर ठेवण्यास पैसा नव्हता. ज्या हातांनीं विमान चालविलें, त्याच हातांनीं ते त्या गड्याचें अंग पुशीत व अंथरूण बदलीत. त्या ऑगस्टमध्यें तो वारला. पण तोंवर त्या वाड्याचें दार इतर रुग्णांस उघडलें होतें. असाध्य रोगी व अपंग यांस हक्काचें घर देणाऱ्या संस्थेचा पाया असा घातला गेला. त्याच वर्षाच्या नाताळांत चेशायर यांनीं रोमन कॅथॉलिक मंडळींत प्रवेश केला.

या चरित्रांतून मला जें दिसतें तें असें. "माझें आयुष्य कशासाठीं?" असें जोंवर ते विचारीत होते, तोंवर त्यांच्या हातीं योजना आल्या, समाधान आलें नाहीं. पुढें तोच प्रश्न "कोणासाठीं?" असें रूप घेऊन दारीं आला, आणि या वेळीं त्यास एक चेहरा होता. संकटानें मनावरची साल निघून जाते. असें उघडें पडलेलें मन एक तर दुसऱ्याच्या स्पर्शास भिऊन मिटून बसतें, किंवा दुसऱ्याचें दुःख त्यास न सांगतां कळूं लागतें. कोणत्या वाटेनें जावयाचें, हें घाव ठरवीत नाहींत. तें मनुष्य ठरवितो, आणि बहुधा अगदीं साध्या प्रसंगीं ठरवितो.

कोणी म्हणेल, सेवा म्हणजे स्वतःचें दुःख टाळण्याची युक्ति होय. पण सेवेनें दुःख टळत नाहीं. १९५२ सालीं चेशायर यांस क्षयानें गांठलें व सुमारें दोन वर्षें त्यांनीं आरोग्यधामांत काढलीं. बरे झाल्यावर ते भारतांत आले, आणि १९५६ सालीं मुंबईस अंधेरी येथें या देशांतील पहिलें 'चेशायर होम' उघडलें. १९५९ सालीं त्यांचा विवाहहि मुंबईंतच झाला. वधू सू रायडर यांनीं युद्धांत पोलंडच्या गुप्त सैनिकांबरोबर काम केलें होतें आणि युद्धानंतर छळछावण्यांतून वांचलेल्या निराधारांच्या सेवेस स्वतःस वाहून घेतलें होतें. डेहराडून येथील 'राफाएल' हें कुष्ठरोगी व अपंग मुलें यांचें सेवाकेंद्र उभयतांनीं स्थापिलें. चेशायर १९९२ सालीं निवर्तले.

इतक्या दूरचें उदाहरण कशास, असें ज्यास वाटेल त्यानें केडगांवाकडे पाहावें. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंचे मातापिता व पाठोपाठ थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई तेव्हां जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. भावासह पायीं देशभर हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पतिहि गेले. पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रियांस आपल्या आश्रयास घेऊन आल्या. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असतें, हें रमाबाईंस कोणी सांगावें लागलें नाहीं. भूक सोसून जगलेले लोक त्या काळीं असंख्य होते. दुसऱ्याची भूक भागविण्यासाठीं पुन्हां दुष्काळांत शिरणारे फार थोडे.

पालकांस माझी विनंति आहे, कीं मूल दुःखांतून जात असेल तर त्यास घाव आणि देवपण यांचें व्याख्यान देऊं नये. आधीं त्याच्याजवळ बसावें, त्यास रडूं द्यावें. त्याची फी, पुस्तकें व जेवण यांची सोय पाहावी. कारण उपाशी पोटीं ध्येय सांपडत नाहीं. चारित्र्य घडावें म्हणून मुद्दाम हाल करण्याचीहि गरज नाहीं. संकटें आपल्या पायांनीं येतात. मात्र घरांत आजी अंथरुणास खिळली असेल, तर "तुझी परीक्षा आहे, तूं तिकडे जाऊं नको," असें म्हणून मुलास तिच्यापासून दूर ठेवूं नये. आजीला पाणी पाजण्यांत अर्धा तास गेला तर चार गुण कमी पडतील. त्या अर्ध्या तासांत जें मिळेल, तें गुणपत्रिकेंत मावणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, "मोठेपणीं तूं कोण होणार?" असें तुम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. उत्तर सुचलें नाहीं तर लाजूं नका. विशेषतः ज्यांनीं लहान वयांत मोठें दुःख पाहिलें आहे, त्यांनीं आयुष्याचा हेतु आजच्या आज सांपडावा अशी घाई करूं नये. चेशायर यांस तो तिशींत सांपडला, आणि तोहि त्यांनीं स्वतः आखलेल्या वाटेवर नव्हे. तुम्ही एवढेंच करा: शेजारच्या बाकावरचा सोबती आठ दिवस आला नसेल तर त्याच्या घरीं चौकशीस जा. ज्यानें डबा आणला नसेल त्यास आपल्या डब्यांत वांटेकरी करा, आणि त्याचा गाजावाजा करूं नका. वांचलेलें आयुष्य कोणासाठीं, हें कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नसतें. दार वाजलें कीं उठून उघडावें, इतकें मात्र आपल्या हातीं आहे.