हरिरींचे बैरुत आणि हरिरींचे कर्ज

लेबाननमध्ये पुढारी व्हावयाचे तर योग्य घराण्यात जन्म घ्यावा लागतो, असे पूर्वी म्हटले जाई आणि ते फारसे खोटे नव्हते. जुम्बलात, जमायेल, करामी, सोल्ह, फ्रांजिये अशा मोजक्या घराण्यांनी त्या चिमुकल्या देशाचे राजकारण आपसात वाटून घेतले होते. अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया ही १९४३ च्या राष्ट्रीय करारातून रूढ झालेली व्यवस्था या घराण्यांच्या पथ्यावरच पडली. पुढे १९७५ ते १९९० या यादवीत काहींची जागा सशस्त्र टोळ्यांच्या म्होरक्यांनी घेतली. रफिक हरिरी यांच्यापाशी घराणे नव्हते आणि टोळीही नव्हती. पैसा मात्र अमाप होता, आणि तो लेबाननमध्ये मिळवलेला नव्हता.

सैदा या बंदराच्या गावी १९४४ साली एका सामान्य सुन्नी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बैरुतमधील शिक्षण अर्ध्यावर टाकून १९६५ मध्ये ते सौदी अरेबियात गेले. तेथे प्रथम शिक्षकी केली, मग हिशेबनिशी. १९६९ साली त्यांनी स्वतःची बांधकाम कंपनी काढली. तिला बरेवाईट दिवस येऊन गेले. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि सौदी राजघराण्याला वाळवंटात राजवाडे, इस्पितळे, हॉटेले हवी झाली, तीही ताबडतोब. तायफ येथे राजे खालेद यांना हवे असलेले एक आलिशान हॉटेल हरिरी यांनी १९७७ साली अवघ्या काही महिन्यांत उभे करून दिले. मुदतीत काम पुरे करणारा कंत्राटदार ही कोणत्याही दरबारात दुर्मिळ वस्तू असते. हरिरींना १९७८ मध्ये सौदी नागरिकत्व मिळाले, ओजे ही फ्रेंच कंपनी त्यांच्या हाती आली आणि ते अब्जाधीश झाले.

मायदेशी त्यांचा प्रवेश राजकारणी म्हणून झाला नाही. १९७९ साली स्थापन केलेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाने तीस हजारांहून अधिक लेबानी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. १९८२ मधील इस्रायली आक्रमणानंतर बैरुतच्या रस्त्यांवरचे ढिगारे उपसले ते त्यांच्याच यंत्रांनी. यादवी मिटवण्याच्या वाटाघाटींत ते सौदी राजांचे दूत म्हणून वावरले आणि १९८९ चा समझोता झाला तोही तायफ येथेच. संसदेतील ख्रिस्ती व मुसलमान प्रतिनिधींचे सहास पाच हे प्रमाण त्याने समसमान केले आणि अध्यक्षाचे बरेच अधिकार मंत्रिमंडळाकडे सोपवले. पंतप्रधानपदाला तेथे जे वजन आले, त्याचा लाभ तीनच वर्षांनी हरिरी यांना व्हावयाचा होता.

ऑक्टोबर १९९२ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याआधी काही आठवडे एका डॉलरला २,८०० पौंड मोजावे लागत होते. त्यांच्या येण्यानेच पौंड सावरू लागला आणि १९९७ च्या अखेरीस तो सुमारे १,५०७ वर बांधला गेला. बैरुतचा उद्ध्वस्त मध्यभाग उभारण्यासाठी सॉलिडेर ही कंपनी १९९४ मध्ये निघाली. जमीनमालकांना आणि भाडेकरूंना मालमत्तेच्या बदल्यात तिचे समभाग घ्यावे लागले. स्वतः पंतप्रधान तिचे बडे भागधारक होते. देणारा आणि घेणारा हात एकाच माणसाचा असल्यावर संशयाला निमंत्रण द्यावे लागत नाही. जुने बाजार पाडून तेथे श्रीमंतांची दुकाने आली, ही टीकाही अनाठायी नव्हती. तरीही ज्या ठिकाणी पंधरा वर्षे केवळ बंदूकधारी वावरले, तेथे दिवे लागले हे टीकाकारांनाही नाकारता आले नाही.

हरिरी यांची खरी चूक इमारतींत नव्हती, ती हिशेबात होती. माद्रिद आणि ओस्लोनंतर अरब-इस्रायल शांतता दृष्टिपथात आहे आणि ती येताच भांडवलाचा ओघ बैरुतकडे वळेल, या भरवशावर त्यांनी कर्जे काढली. शांतता आली नाही. १९९६ च्या एप्रिलमध्ये काना येथील राष्ट्रसंघाच्या तळावर इस्रायली तोफगोळे पडून आश्रयाला आलेले शंभरावर नागरिक ठार झाले. पौंड टिकवण्यासाठी सरकारी रोख्यांवर १९९५ साली ३५ टक्क्यांच्याही वर व्याज द्यावे लागले होते; ते बँकांच्या व धनिक ठेवीदारांच्या पदरात पडले. १९९२ मधील सुमारे ३ अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज २००४ अखेर ३५ अब्जांपलीकडे गेले. दोष एकट्या हरिरींचा नव्हे. मंत्री बनलेले टोळीनायक आपापली खाती दुभत्या गाईसारखी पिळत होते आणि दमास्कसचा वाटा वेगळा होता. परंतु मर्रिल लिंचमध्ये हरिरींची गुंतवणूक सांभाळणारे रियाद सलामे १९९३ पासून तीस वर्षे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर राहिले. मार्च २०२० मध्ये लेबाननने परकी कर्जाचा हप्ता चुकवला आणि पौंड कोसळला, तेव्हा सामान्यांच्या ठेवी बँकांतच अडकल्या.

सीरियाशी त्यांनी अलिखित तडजोड केली होती. पुनर्बांधणी त्यांच्याकडे, सैन्य व परराष्ट्र धोरण दमास्कसकडे, दक्षिणेतील शस्त्रे हिजबुल्लाकडे. ज्याला बांधावयाचे आहे त्याने भांडू नये, असा कंत्राटदाराचा व्यवहार त्यामागे असावा. १९९८ मध्ये एमिल लाहूद अध्यक्ष होताच ही घडी विस्कटली. हरिरी बाहेर पडले आणि २००० साली निवडणूक जिंकून परतले. २००४ मध्ये लाहूद यांना तीन वर्षांची मुदतवाढ देण्याचा हुकूम बशर असद यांनी सोडला. सीरियन फौजा परत बोलवा असे सुरक्षा समितीचा १५५९ क्रमांकाचा ठराव बजावत असतानाच हरिरी यांनी संसदेत मुदतवाढीच्या बाजूने मत दिले आणि ऑक्टोबरात राजीनामा दिला. १४ फेब्रुवारी २००५ रोजी सेंट जॉर्ज हॉटेलसमोर प्रचंड स्फोटात त्यांच्यासह बावीस जण मारले गेले. जे त्यांना जिवंतपणी साधले नाही ते मृत्यूने घडवले. बैरुतमध्ये लाखोंचे मोर्चे निघाले आणि एप्रिल संपण्यापूर्वी, २९ वर्षांनंतर, सीरियन सैन्य परतले.

पुत्र साद यांना पंतप्रधानपद वारशाने मिळाले, पण वडिलांचा पैसा आणि सौदी मर्जी दोन्ही आटत गेली. सौदी ओजे २०१७ मध्ये बंद पडली. २०२२ च्या जानेवारीत साद यांनी राजकीय कार्य स्थगित केले. हत्येच्या आंतरराष्ट्रीय खटल्याचा निकाल ७ ऑगस्ट २०२० रोजी लागावयाचा होता. तीन दिवस आधी बैरुत बंदरातील अमोनियम नायट्रेटचा साठा भडकला आणि हरिरींनी उभारलेल्या मध्यभागाच्या काचा रस्त्यांवर विखुरल्या. निकाल १८ तारखेपर्यंत लांबला. हिजबुल्लाचा सलीम अय्याश दोषी ठरला, तोही गैरहजेरीत. न्यायासन २०२३ अखेर गुंडाळले गेले तोपर्यंत एकही आरोपी त्याच्यासमोर उभा राहिला नव्हता.