तळ एक, खाती अनेक

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अग्निबाणांविषयी लिहावे, हा आमच्या विज्ञान शाखेतल्या मित्रांना आगाऊपणा वाटेल. वाटू दे. अग्निबाण कसा उडतो ते त्यांनी सांगावे. तो कोणाच्या जमिनीवरून, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या खात्यावर उडतो, एवढे विचारायचा अधिकार आम्हा खतावणी लिहिणाऱ्यांनाही आहे. कन्नडात हिशोबाला 'लेक्क' म्हणतात. बाजारात गेलो की आमच्याकडचा मराठी माणूसही सहज लेक्क म्हणून जातो. तर या लेखात मला एका लष्करी अंतराळ तळाचा लेक्क मांडायचा आहे.

हा तळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लोम्पॉक नावाच्या गावाशेजारी आहे. नाव व्हँडेनबर्ग. क्षेत्रफळ सुमारे ९९ हजार एकर. मुळात ही चुमाश या आदिवासींची भूमी. १९४१ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, रणगाड्यांच्या आणि पायदळाच्या शिक्षणासाठी तेथे 'कॅम्प कुक' उभा राहिला. १९५७ साली तो हवाई दलाकडे गेला, १९५८ साली त्याला जनरल हॉइट व्हँडेनबर्ग यांचे नाव मिळाले, आणि अमेरिकेने २०१९ च्या डिसेंबरात 'स्पेस फोर्स' हे नवे दल काढल्यावर मे २०२१ मध्ये तळाच्या नावात हवाई दलाच्या जागी अंतराळ दल आले. पाट्या बदलल्या, तारेचे कुंपण तेच राहिले.

हीच जागा का निवडली? उत्तर भूगोलात आहे. येथून दक्षिणेकडे बाण सोडला तर खाली थेट समुद्र लागतो, वस्ती लागत नाही. त्यामुळे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरणाऱ्या कक्षेत सुखरूप पोचवता येतो. कलिंगडावरच्या पट्ट्या जशा देठापासून बुडापर्यंत जातात तशी त्याची वाट. खाली पृथ्वी आपली स्वतःभोवती फिरत राहते, आणि थोड्याच दिवसांत जगाचा झाडून सारा कानाकोपरा उपग्रहाच्या नजरेखालून जातो. हेरगिरीला याहून सोयीची कक्षा नाही. आणि गंमत अशी की पिकांच्या पाहणीलाही नाही!

आता या तळावर नांदते कोण ते पाहू. घरमालक म्हणजे 'स्पेस लाँच डेल्टा ३०' ही तुकडी. २०२१ पूर्वी तिला ३० वी स्पेस विंग म्हणत. ही तुकडी अग्निबाण बनवत नाही. रडार लावणे, उड्डाणाचे संदेश टिपणे, हवामान पाहणे, समुद्र व आकाश मोकळे करून देणे आणि बाण वाट चुकला तर तो आकाशातच नष्ट होईल अशी व्यवस्था ठेवणे, हे तिचे काम. तिच्या हाताखाली पहारेकरी आहेत, डॉक्टर आहेत, बांधकामवाले आहेत, वणवा विझवणारे आहेत. शिवाय कंत्राटे करणारी एक तुकडी आणि जमाखर्च पाहणारी एक तुकडी आहे. हे वाचून मला बरे वाटले. म्हणजे बी. कॉम. झालेल्यालाही तेथे खुर्ची आहे!

भाडेकरू मात्र नाना प्रकारचे. ५७६ वी फ्लाइट टेस्ट स्क्वाड्रन ही तुकडी अंतराळ दलाची नसून हवाई दलाची आहे. मिनिटमन-३ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राची चाचणी, अर्थात अणुबाँबविना, ती येथून घेते. नव्या जवानांना उपग्रहांचे शिक्षण देणारी तुकडी आहे. टेहळणी उपग्रह बाळगणारे गुप्त खाते आपला माल येथून पाठवते. 'नासा' येते. खासगी कंपन्या येतात. आणि १८ वी स्पेस डिफेन्स स्क्वाड्रन येथे बसून आकाशातल्या हजारो वस्तूंची नोंदवही ठेवते: चालू उपग्रह, मेलेले उपग्रह, फुटक्या बाणांचे तुकडे. भारताने २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'त स्वतःचाच एक उपग्रह पाडला, तेव्हा उडालेल्या शंभराहून अधिक तुकड्यांची नोंद याच तुकडीच्या वहीत झाली. आपल्या 'इस्रो'लाही टकरीच्या धोक्याचे इशारे या अमेरिकन लष्करी व्यवस्थेकडून मिळत आले आहेत. मुलकी उपग्रहांना इशारे देण्याचे हे काम लष्कराकडून काढून वाणिज्य खात्याकडे द्यावे, असा निर्णय अमेरिकी सरकारने २०१८ साली जाहीर केला होता. वाणिज्य खात्याकडे, हे आमच्या विज्ञानवाल्या मित्रांनी पुन्हा एकदा वाचावे.

तर असा हा वाडा. एकाच छपराखाली बाँबवाहू बाण, शेतीचा उपग्रह आणि व्यापारी माल. माझा आक्षेप वाड्याला नाही, त्याच्या वहीला आहे. एका तळावर अनेक खाती नांदली की कोणत्या खात्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडतो हे कळेनासे होते, आणि कळू नये अशीच पुष्कळांची इच्छा असते.

याची सुरुवात तळाच्या जन्माबरोबरच झाली. २८ फेब्रुवारी १९५९ रोजी येथून 'डिस्कव्हरर-१' उडाला. जगाला सांगितले गेले की हा वैज्ञानिक प्रयोगांचा कार्यक्रम आहे. प्रत्यक्षात ती 'कोरोना' नावाची हेरयोजना होती, सी. आय. ए. आणि हवाई दल यांची भागीदारी. उपग्रहातला कॅमेरा रशियाची छायाचित्रे काढी, फिल्म एका कुपीतून खाली पडे आणि पॅराशूटला लटकणारी ती कुपी विमानाने आकाशातच आकडा टाकून उचलायची! तेरा प्रयत्न झाले तरी फिल्म हाती लागली नव्हती. ऑगस्ट १९६० मध्ये चौदाव्याला लागली. चिकाटीबद्दल नमस्कारच केला पाहिजे. पण हे सारे सरकारने अधिकृतपणे खुले केले ते १९९५ साली. म्हणजे ज्या प्रजेच्या करातून खर्च झाला, तिला छत्तीस वर्षे वहीत खोट्या नावाची नोंद दाखवली गेली. शीतयुद्धात गुप्तता हवीच होती, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु योजना १९७२ साली संपली. त्यानंतरच्या तेवीस वर्षांची गुप्तता कोणत्या शत्रूपासून होती? आज पुराणवस्तुसंशोधक तीच छायाचित्रे घेऊन गाडली गेलेली गावे आणि कालवे शोधतात. मालाची खरी किंमत कळायला तो गोदामातून बाहेर यावा लागतो.

याच्या उलट उदाहरण त्याच तळाचे, आणि त्याच १९७२ सालचे. २३ जुलैला येथून पहिला 'लँडसॅट' उडाला. जमीन, जंगल, पीकपाणी पाहणारा. मालिकेतले त्यानंतरचे सारे लँडसॅटही येथूनच गेले, नववा २०२१ च्या सप्टेंबरात. याचा हिशोब पहिल्यापासून उघडा. भारतात त्याची छायाचित्रे हैदराबादजवळ शादनगरच्या केंद्रात १९७९ पासून थेट उतरू लागली, आणि २००८ सालापासून तर ती साऱ्या जगाला फुकट आहेत. एकाच किनाऱ्यावरून निघालेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी उघड्या कॅमेऱ्याने देशांना जास्त मिळवून दिले, असे माझे मत आहे. प्राध्यापक मंडळींनी ते खुशाल खोडून काढावे.

आता खर्चाची एक कथा. आमच्या कॉस्टिंगच्या पुस्तकात 'बुडीत खर्च' समजावताना कारखान्यातल्या जुन्या यंत्राचे तेच ते उदाहरण असते. मी पुस्तक लिहिले तर व्हँडेनबर्गचा सहा क्रमांकाचा उड्डाणमंच देईन. १९६६ साली तो बांधायला घेतला, कशासाठी, तर लष्करी अंतराळवीरांच्या फिरत्या प्रयोगशाळेसाठी. १९६९ साली ती योजनाच रद्द झाली. पुढे ठरले की 'स्पेस शटल' येथून उडवायचे. मंच पुन्हा बांधला, सुमारे चार अब्ज डॉलर ओतले. १९८६ च्या जानेवारीत तिकडे फ्लोरिडात 'चॅलेंजर' सात जणांसह नष्ट झाले. एप्रिलमध्ये याच तळावर, दुसऱ्या मंचावरून उडालेला 'टायटन' काही सेकंदांत फुटला. व्हँडेनबर्गहून शटल उडवायचा बेत बारगळला. त्या मंचावरून एकही शटल उडाले नाही. त्यानंतर काही लहान बाण गेले, २००६ ते २०२२ या काळात 'डेल्टा-४' गेले, आणि २०२३ साली मंच भाड्याने कोणाला मिळाला? 'स्पेसएक्स' या खासगी कंपनीला. प्रजेने बांधलेले घर शेवटी कंपनीच्या ताब्यात गेले. मंच पडून राहण्यापेक्षा भाड्याने दिलेला बरा, हे मलाही कळते. पण बुडालेले चार अब्ज कोणाच्या नावे लिहिले गेले, हे कोणत्या ताळेबंदात दिसते?

भाडेकरूवरून आठवले. कॅलिफोर्नियात किनारा सांभाळण्यासाठी एक राज्य आयोग आहे. स्पेसएक्सची वर्षाची उड्डाणे ३६ वरून ५० वर न्यायचा प्रस्ताव त्याच्यापुढे आला, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने सहा विरुद्ध चार मतांनी नकार दिला. लष्कराचे म्हणणे असे की ही उड्डाणे देशाच्या कामाची आहेत, म्हणून कंपनीला राज्याच्या परवान्याची गरज नाही. आयोग म्हणतो, बाणांत मोठा भाग कंपनीच्या स्वतःच्या 'स्टारलिंक' उपग्रहांचा असतो. मग देशाचे काम ते कोणते? इकडे किनाऱ्यावरच्या गावांत ध्वनीच्या दणक्याने घरे हादरतात, पुळणी बंद ठेवाव्या लागतात, आणि वाळूत घरटे करणारा स्नोई प्लोव्हर नावाचा पक्षी आहे तो वेगळाच. कंपनी न्यायालयात गेली. माझे मत विचाराल तर, ज्या बाणात सरकारी माल आहे त्याला लष्कराचे नियम लावा. ज्यात कंपनीचा माल आहे त्याला कंपनीप्रमाणे परवाना घ्यायला लावा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला जो कायदा, तो आकाशातल्या दुकानदाराला का नको?

देशरक्षणाच्या गोष्टीत नफातोटा पाहू नये, असे म्हणणारे आमच्या बेळगावात बरेच भेटतील, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या गावात आहे. सैन्य म्हणजे काय हे आम्हाला वर्तमानपत्रातून शिकावे लागत नाही. पण सांबऱ्याला हवाई दलाची शाळा आहे आणि प्रवासी विमानतळही आहे, आणि कोणते फाटक कोणाचे हे रिक्षावाल्यालाही माहीत असते. माझे मागणे एवढ्याच स्पष्टतेचे आहे.

व्हँडेनबर्गच्या खात्यातली सर्वांत दूरची रक्कम प्रशांत महासागरात आहे. मिनिटमन-३ येथून निघतो आणि सुमारे ६,७०० किलोमीटरवर मार्शल बेटांतील क्वाजालीनच्या खाजणात, अर्ध्या तासाच्या आत पडतो. त्याच्या पडण्याची जागा मोकळी हवी म्हणून १९६० च्या दशकात मधल्या बेटांवरची माणसे उठवून एबेये नावाच्या इवल्याशा बेटावर आणली. ८० एकरांच्या आसपास जमीन आणि माणसे हजारोंनी. त्यांच्यातले कित्येक रोज सकाळी होडीने शेजारच्या अमेरिकन तळावर कामाला जातात व संध्याकाळी परततात. जमीनमालकांना भाडे मिळते, हे खरे. पण चाचणीचे वृत्त छापले जाते तेव्हा त्यात उड्डाणाची वेळ असते, बाणाचे नाव असते. एबेयेचे नाव मला तरी त्यात दिसले नाही.

हे सारे लिहिताना आपल्याकडे बोट न दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रीहरिकोट्याचे बेट घेतले तेव्हा तेथल्या यानादी आदिवासींना उठावेच लागले. मात्र विक्रम साराभाईंच्या काळापासून आपण एक शहाणपण केले: उपग्रहांचा तळ मुलकी ठेवला, आणि क्षेपणास्त्रे ओडिशाच्या किनाऱ्यावर नेली. दोन फाटके, दोन वह्या. अलीकडे रेषा थोडी पुसट झाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हवाई दलासाठीचा 'जीसॅट-७ए' आणि एप्रिल २०१९ मध्ये संरक्षण संशोधनाचा 'एमिसॅट' श्रीहरिकोट्याहूनच गेले. यात गैर काही नाही, नोंद वेगळी असली म्हणजे झाले.

खरा प्रश्न पुढे आहे. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या 'पिक्सेल' कंपनीचे तीन उपग्रह व्हँडेनबर्गहून, स्पेसएक्सच्या बाणाने गेले. कर्नाटकातली कंपनी परदेशी लष्करी तळाच्या दारात उभी राहते, कारण तेथे ध्रुवाकडे नियमित गाडी सुटते. तशी गाडी आपल्याकडे सुटावी म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे नव्या तळाची कोनशिला २०२४ च्या फेब्रुवारीत बसली. श्रीहरिकोट्याहून ध्रुवाकडे जाणाऱ्या बाणाला श्रीलंका टाळून वळसा घ्यावा लागतो. येथून तो सरळ दक्षिणेला जाईल, इंधन वाचेल. खासगी कंपन्याही तेथे येणार आहेत. मग मंचाचे भाडे किती, रडारचा आणि पहाऱ्याचा खर्च कोणाचा, लष्करी उपग्रह गेला तर त्याची नोंद कोठे, हे आत्ताच छापून जाहीर व्हावे. आणि उड्डाणाच्या दिवशी समुद्रात जाऊ नका असे तेथल्या मच्छीमारांना सांगितले जाईल, तेव्हा त्यांची त्या दिवसाची कमाई कोणत्या खात्यावर टाकायची, हेही पहिला बाण उडण्याआधीच ठरवावे.