हमीपत्रावर बापाची सही

झान तिआनयो अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या वडिलांनी एका कागदावर सही केली. साल १८७२. चीनचे चिंग सरकार मुलाला पंधरा वर्षांसाठी अमेरिकेला शिकायला पाठवणार होते. तिकडे तो आजारी पडला किंवा मेला तर ते त्याचे नशीब, सरकारकडे दाद मागणार नाही, अशा अर्थाचे ते हमीपत्र होते. १२० मुलांच्या घरांनी हाच सौदा पत्करला. चिनी विद्यार्थी परदेशी का जातात, यावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. ते वाचताना मला हा कागद आठवतो. जायचे एकाने आणि ठरवायचे भलत्यांनी, हे तेव्हापासून चालत आले आहे.

ही सगळी योजना युंग विंग या माणसाच्या ध्यासातून निघाली. मकावजवळच्या खेड्यातला हा मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, शिक्षकाबरोबर १८४७ मध्ये अमेरिकेला पोचला आणि १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. तिथला तो पहिला चिनी पदवीधर. आपल्याला मिळाले ते आपल्याकडच्या पोरांनाही मिळावे म्हणून पुढे कित्येक वर्षे त्याने बड्या अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. त्सेंग ग्वोफान आणि ली होंगझांग या दोघांनी मनावर घेतले तेव्हा मार्ग निघाला: दर वर्षी ३० मुले, चार तुकड्या. पण मुले मिळता मिळेनात. खात्यापित्या घरचा मुलगा शाही परीक्षेला बसणार, अधिकारी होणार. त्याला रानटी लोकांच्या मुलखात कोण धाडेल? आली ती बहुतेक दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतातली, जिथल्या लोकांना समुद्रापलीकडचे जग निदान ऐकून ठाऊक होते.

कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड आणि आसपासच्या गावांत ही मुले कुटुंबांमध्ये राहिली. १८७८ चा एक फोटो उपलब्ध आहे. नऊ पोरे, साहेबी कपडे, हातात बॅटी. त्यांचा बेसबॉलचा संघ होता. उभ्या राहिलेल्यांमध्ये झान आहे. त्या चेहऱ्यांवर परक्या देशात आल्याचा बुजरेपणा औषधालाही नाही.

नेमके हेच दरबाराला खुपले. मुले चर्चमध्ये जातात, गुडघे टेकून नमस्कार करत नाहीत, काहींनी तर शेंडीची वेणीही कापली, अशा तक्रारी बीजिंगला जाऊ लागल्या. वेणी कापणे म्हणजे राजद्रोह. इकडे अमेरिकेनेही शब्द फिरवला आणि लष्कर-नौदलाच्या प्रबोधिनींचे दरवाजे या मुलांना उघडले नाहीत. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि लेखक मार्क ट्वेन यांनी मध्यस्थी करून पाहिली, पण १८८१ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि मुलांना माघारी बोलावले. येलची पदवी हाती घेऊन परतलेले अवघे दोघे, त्यांतला एक झान. बाकीच्यांचे शिक्षण अर्धवट. शांघायला उतरल्यावर स्वागत झाले ते पहारेकऱ्यांकडून. पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. युंग विंग तर अमेरिकेचा नागरिक झालेला, तिथल्याच बाईशी लग्न केलेला. त्याचेही नागरिकत्व पुढे नाकारले गेले.

झानचे काय झाले? बीजिंगहून झांगजियाकोला जाणारी सुमारे २०० किलोमीटरची रेल्वे त्याने १९०५ ते १९०९ या काळात बांधून दाखवली. परदेशी इंजिनिअर नाही, परदेशी कर्ज नाही. चीनच्या भिंतीजवळच्या बादालिंगच्या चढावर गाडी सरळ चढेना, म्हणून त्याने रूळ मागेपुढे वळवत चढवले. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन उलटे लावून गाडी चढायची, साधारण तोच प्रकार. ज्या पिढीवर पहारे बसवले होते तिच्यातल्या मुलाने हे केले.

हे जुने म्हणून सोडून देता आले असते, पण गोष्ट पुन्हा घडली. छियान शुएसेन १९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला, कॅलिफोर्नियात तिथल्या अग्निबाणांच्या संशोधनाचा एक आधारस्तंभ झाला. १९५० मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला. पाच वर्षे नजरकैदेसारखी काढून तो १९५५ मध्ये चीनला परतला आणि चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्याने उभा केला. संशयापायी अमेरिकेने स्वतःचे केवढे नुकसान करून घेतले!

आज कागदावर सही आईबापांची असते आणि शेजारी बँकेचे पासबुक असते. 'गाओकाओ' ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा जूनमध्ये होते. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवले. नामांकित विद्यापीठांतल्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात. बीजिंगमधल्या मुलाला जे सोपे, ते हेनानसारख्या दाट वस्तीच्या प्रांतातल्या मुलाला महाकठीण. त्यातून बापाची नोकरी बीजिंगला आणि कुटुंबाची सरकारी नोंद गावाकडे असेल, तर परीक्षेला बहुधा गावीच परतावे लागते. म्हणून ज्यांना झेपते ते मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच त्याला शाळेच्या आंतरराष्ट्रीय तुकडीत घालतात. तिथला अभ्यास परदेशी विद्यापीठांसाठी. गाओकाओचा रस्ता मग जवळपास बंद. एक-अपत्य धोरणात वाढलेले लेकरू, त्याच्यामागे आईबाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळ्यांची बचत त्या एकावर. काही घरांत फ्लॅट विकला जातो. श्रीमंतांची पोरे परीक्षेला घाबरून पळतात, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. दहावीच्या वयात एक दार कायमचे लावून घ्यायला छाती लागते, आणि ती पोराकडून कोणी मागितलेलीही नसते.

या पैशाची सवय अमेरिकेला लागली. इलिनॉय विद्यापीठाच्या दोन कॉलेजांनी २०१७ मध्ये चक्क विमा उतरवला: चिनी विद्यार्थी एकाएकी घटले तर बुडणाऱ्या फीची भरपाई, सहा कोटी डॉलरपर्यंत. भीती खरीच होती. २०१९-२० मध्ये अमेरिकेत ३ लाख ७२ हजार चिनी विद्यार्थी होते, २०२४-२५ मध्ये २ लाख ६६ हजार. मध्ये कोविडची साथ आली, आणि २०२० चा तो आदेशही आला, ज्याने लष्कराशी संबंधित संस्थांत शिकलेल्या चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व्हिसा बंद केला. २०२५ च्या मे महिन्यात परराष्ट्रमंत्री रुबियो म्हणाले, चिनी विद्यार्थ्यांचे व्हिसा कडकपणे रद्द करू. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, सहा लाख येऊ द्या. या दोन वाक्यांच्या मध्ये एखाद्या घराने फ्लॅट विकला असेल तर त्याने काय करायचे? आणि मायदेशी परतावे, तर ग्री या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षा दोंग मिंगझू यांनी त्याच वर्षी सांगून टाकले की परदेशात शिकलेल्यांना आम्ही घेणार नाही, त्यांच्यात हेर असू शकतात.

आपल्यासाठी ही दूरची बातमी राहिलेली नाही. २०२३-२४ पासून अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या चिन्यांहून अधिक आहे. मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबल्या तेव्हा पुण्या-नागपुरातली मुलेही प्रवेशपत्र हातात घेऊन ताटकळली.

चिनी घरे आता जवळचे पर्याय शोधताहेत. हाँगकाँगने २०२४ पासून सरकारी अनुदानाच्या विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्यांची मर्यादा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. या घरांना मी दोष देत नाही. राग येतो तो गप्प बसलेल्या अमेरिकी विद्यापीठांचा. परदेशी विद्यार्थी घेण्याचा हार्वर्डचा परवाना सरकारने काढला तेव्हा हार्वर्ड दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेले आणि स्थगिती मिळवली. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक चिनीच आहेत. ज्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षे या घरांकडून पूर्ण फी मोजून घेतली, त्यांनी निदान एवढे तरी करावे.